पंखा ओढायचा, ठोकायचा नाही

यांत्रिक नौकेचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, शाफ्टवर पकडून ठेवतो तो मागचा नट, असा समज असतो. खरी पकड निमुळतेपणाची असते. शाफ्टचे टोक निमुळते घडवलेले असते, पंख्याच्या तुंब्याचे भोकही त्याच उताराचे. नट आवळला की तुंबा त्या उतारावर चढून गच्च बसतो. खाचेतली चावी त्याला शाफ्टवर घसरू देत नाही. हंगामभर खाऱ्या पाण्यात राहिलेला हा सांधा नट काढल्यावरही जागचा हलत नाही, आणि मग घण उचलला जातो.

घणाने पंखा कधीकधी निघतोही, पण पाते वाकते, शाफ्टच्या टोकाचे आटे चेपतात आणि हादरा थेट गिअरबॉक्सच्या बेअरिंगपर्यंत पोहोचतो. वाकलेल्या पात्याचा पंखा पुढे नौकेला थरथर लावतो.

कोकणात या कामाला सवड मिळते ती १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात, नौका किनाऱ्यावर ओढल्यावर. आधी इंजिनाची चावी काढून बॅटरीची तार सोडावी. नौकेला दोन्ही बाजूंनी भक्कम टेकू हवेत. पंखा जड असेल तर तो आधीच पट्ट्याने चेनपुलीला टांगलेला बरा. पात्यांच्या झिजलेल्या कडा सुरीसारख्या कापतात. हातमोजे विसरू नयेत.

स्प्लिट पिन काढून नट योग्य मापाच्या पान्याने सैल करावा, मात्र पूर्ण उतरवू नये. तुंबा आणि नट यांत थोडी फट ठेवून काही आटे धरलेले असू द्यावेत. दाबलेला सांधा सुटतो तो एकदम, मोठा आवाज करून. त्या क्षणी पंखा मागे उडतो आणि नट त्याला अडवतो. तरीही शाफ्टच्या रेषेत मागे कोणी उभे राहू नये.

ओढण्याचे काम पुलरचे. त्याच्या एका प्रकारात तुंब्याच्या पुढे एक जाड पोलादी पाटी बसते, दुसरी शाफ्टच्या टोकावर टेकते आणि पात्यांमधून जाणारे लांब बोल्ट दोन्ही जोडतात. बोल्ट आळीपाळीने, थोडेथोडे आवळायचे. एकच आवळत गेले तर ओढ तिरकी होते. सांधा सुटला नाही तर ताण तसाच ठेवून तुंब्यावर भोवताली कढत पाणी ओतावे. ब्राँझ पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावते, त्यामुळे पकड ढिली होते. गॅसकटरची ज्योत मात्र नको: धातूत ताण राहतो, आतले रबरी सील जळतात.

आउटबोर्ड इंजिनाचा पंखा सहसा खाचेदार सरळ शाफ्टवर असतो आणि हाताने निघतो. तिथे धोका वेगळा आहे. पेट्रोल इंजिन गिअरमध्ये असताना पंखा फिरवला तर ते सुरू होऊ शकते, म्हणून स्पार्क प्लगच्या तारा आधी काढाव्यात.

उतरलेल्या पंख्याच्या पिवळ्या धातूवर गुलाबी डाग दिसले तर तिथले जस्त निघून गेले आहे आणि पाते ठिसूळ झाले आहे, असे समजावे. परत बसवताना पंखा आधी चावीशिवाय चढवून शाफ्टवर खूण करावी. चावी घातल्यावर तो त्या खुणेपर्यंत पोहोचला नाही, तर चावी तुंब्याला वर उचलून धरते आहे. तिची वरची बाजू घासून कमी करावी लागते. दोन नट असतील तर पातळ नट आधी, जाड नंतर, आणि स्प्लिट पिन दरवेळी नवी.