मेंदी उतरते, गोंदण राहते : कातडीची झीज आणि फवारणीचे विष

लग्नात हातावर काढलेली मेंदी दोन-तीन आठवड्यांत फिकी पडून निघून जाते. आजीच्या कपाळावरचे गोंदण मात्र जन्मभर टिकते. मेंदीचा रंग बसतो तो कातडीच्या सर्वांत वरच्या, मृत थरात, आणि हा थर सतत झडत असतो. गोंदणाची सुई त्याखालच्या, रक्तवाहिन्या असलेल्या थरापर्यंत पोहोचते. तो असा झडत नाही.

वरच्या भागास बाह्यत्वचा म्हणतात. तिच्या तळाशी पेशींचे विभाजन होऊन नव्या पेशी तयार होतात व जुन्या पेशी वर ढकलल्या जातात. वर सरकताना त्या चपट्या होतात, त्यांच्यात केराटीन हे टणक प्रथिन भरते (नखे आणि जनावरांची शिंगे याचीच बनलेली असतात) आणि शेवटी त्या मरतात. अशा मृत पेशींचे साधारण १५ ते २० पदर एकावर एक रचलेले असून त्यांच्या सांध्यांत स्निग्ध पदार्थ भरलेला असतो. विटा-चुन्याची भिंतच म्हणा ना! तळापासून निघालेली पेशी अंगावरून गळून पडेपर्यंत सुमारे चार आठवडे जातात. वय वाढते तसा हा काळ लांबतो. साप कात एकदम टाकतो, आपण रोज थोडी थोडी टाकतो.

या भिंतीतून पाणी सहजासहजी आत शिरत नाही. परंतु सांध्यांतील माल स्निग्ध असल्याने तेलात विरघळणारे पदार्थ त्यातून झिरपतात. बरीच कीटकनाशके याच जातीची असतात. म्हणून "अंगालाच लागले, पोटात थोडेच गेले?" हा समज घातक आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही.

सगळीकडची कातडी सारखी नसते. पॅराथिऑन या कीटकनाशकाबाबत अमेरिकेत १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हाताच्या कोपराखालील भागाच्या तुलनेत कपाळातून सुमारे चौपट, तर वृषणाच्या कातडीतून अकरा-बारा पट औषध शरीरात गेल्याचे आढळले. तळहाताची कातडी जाड, तरीही तेथून कोपराखालच्या भागापेक्षा थोडे जास्तच गेले! पाठीवरचा पंप गळत असेल तर औषध पाठीवरून ओघळून नेमके जांघेत उतरते. गळका पंप आधी दुरुस्त करावा, मगच शेतात न्यावा. कपडे भिजल्यास काम संपेपर्यंत न थांबता ते लगेच उतरवावेत व अंग साबण-पाण्याने धुवावे.

हात रॉकेलने किंवा धुण्याच्या सोड्याने धुण्याची सवय मोडावी. त्यामुळे सांध्यांतील स्निग्धपणा निघून जातो, कातडी कोरडी पडते व भेगा पडतात. भेगांना रात्री खोबरेल किंवा कोकणात वापरतात ते कोकमाचे तेल (मुठेल) चोळावे. मात्र फवारणीच्या आधी नको.

भेगाळलेला किंवा खरजेने सोललेला हात दोन दिवसांत पूर्ववत होत नाही, काही आठवडेही लागू शकतात. तोवर त्या माणसाने औषध कालवू नये व पंपही पाठीवर घेऊ नये. मजूर असल्यास त्याची मजुरी न बुडवता दुसरे काम द्यावे.