विकलो ते चारठाणा

ट्रेक म्हटलं की राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड. पण परभणी जिल्ह्यातल्या एका गावात दर रविवारी पहाटे एक ग्रुप टेकाड चढायला निघतो. ना सॅक, ना बॅनर, ना टी-शर्ट. त्यांच्यासोबतची ही एक सकाळ...

‘‘बूट कामून घाललीस? चप्पल चालती की.’’

पहाटेचे पावणेसहा. डिसेंबर. मी ओसरीवर बसून साडेचार हजारांच्या ट्रेकिंग शूजच्या नाड्या आवळतेय आणि मामा त्यांच्यावर बॅटरीचा झोत टाकून मनापासून हसतोय. त्याच्या पायात रबरी चप्पल, अंगात निळा स्वेटर, कानाभोवती मफलर. परभणीत कसली आलीय थंडी, असं पुण्यात बसून वाटतं खरं. पण इथल्या कृषी विद्यापीठात काही हिवाळ्यांत पारा पाच अंशांच्याही खाली उतरलाय. माझं नाक त्या पहाटे तेच सांगत होतं.

चारठाणा, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी. माझं आजोळ. पुण्यात कुणाला सांगितलं की पुढचा डायलॉग ठरलेला असतो, ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी!’ हो बाबांनो, तीच परभणी. लहानपणी दर मे महिन्यात इथे यायचो. मग दहावी, मग कॉलेज, मग डेडलाइन्स... आणि आता आले ती दहा वर्षांनी. तेही टेकडी चढायला नाही, एका कागदासाठी.

तो कागद म्हणजे हक्कसोडपत्र. आजोबांच्या जमिनीवरचा हक्क आईने सोडायचा, सही करायची, साडीचोळी घ्यायची आणि डोळे पुसत एसटीत बसायचं, अशी आपल्याकडची जुनी रीत. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली, केंद्राने २००५ मध्ये. पण रीत कायद्याला विचारून थोडीच चालते? सोमवारी तालुक्याला जायचं ठरलं होतं आणि मध्ये एक अख्खा रविवार मोकळा होता. शनिवारी घरात सगळे एकमेकांशी इतके गोड वागत होते की विचारू नका. मामीने धपाटे केले, आईने तिला चपात्या लाटू लागल्या, कागदाचं नाव कुणी काढेना. शेवटी रात्री मामाच म्हणाला, ‘‘सकाळी येतीस का आमच्यासंगं? आमचा ग्रुप असतो रविवारी. टेकाडावर जाऊन येऊ.’’

ग्रुप! हा शब्द ऐकला आणि मला एकदम विकलो आठवलं.

हसू नका. विकलो हे आयर्लंडमधल्या डोंगरांचं नाव आहे. मराठीत वाचलं तर भलताच अर्थ निघतो, त्याला इलाज नाही. डब्लिनपासून दक्षिणेला गाडीने तासाभरावर ही रांग. दोन वर्षांपूर्वी मी मैत्रिणीकडे गेले होते. तिला रविवारीही ऑफिस होतं, म्हणून तिने मला शेजारच्या काकूंच्या हवाली केलं. काकू तिथल्या एका वॉकिंग क्लबच्या मेंबर. गावोगाव असे क्लब आहेत. रविवारी ठरलेल्या ठिकाणी जमायचं, पाहुण्यांचंही स्वागत, बूट धड नसतील तर मात्र घरी परत. एक लीडर पुढे, एक माणूस सगळ्यांत मागे. त्या मागच्याला म्हणतात बॅक-मार्कर. त्याच्या मागे कुणी राहायचं नाही, एवढा एकच नियम. सह्याद्रीत ट्रेक केलेल्यांना यात नवीन काही नाही. पण वयं बघा! सरासरी साठ तरी असेल. आणि सगळे माझ्या पुढे.

उंचीचा तोरा मात्र त्यांनी आपल्याला दाखवू नये. समुद्रसपाटीपासून मोजलं तर आयर्लंडचं सगळ्यांत उंच शिखर, कॅरनटूहिल, साधारण १०४० मीटर. आपला सिंहगड १३०० च्या वर आहे. पण तिथे पायाखालची जमीन स्पंजासारखी. पाऊल टाकलं की काळं पाणी घोट्यापर्यंत. वरून तो बारीक पाऊस, जो पडतोय की नुसता हवेत लटकलाय तेच कळत नाही. आणि कुंपणं! दर थोड्या वेळाने एक कुंपण, त्यावरून जायला लाकडी पायऱ्या. काकूंनी सांगितलं, इथे डोंगरावर हिंडायचा सरसकट कायदेशीर हक्क कुणालाच नाही. बरेच डोंगर, कुरणं खासगी मालकीची. शेतकरी जाऊ देतो म्हणून जायचं, फाटक जसं होतं तसं लावायचं, कुत्रा आणायचा नाही. डब्लिनच्या मार्ली पार्कपासून निघणारी ‘विकलो वे’ ही सुमारे १३० किलोमीटरची पायवाट १९८० मध्ये सुरू झाली. आयर्लंडमधली खुणा लावलेली ती पहिली लांब पल्ल्याची वाट. ती ज्याच्या डोक्यातून निघाली तो जे. बी. मलोन पेपरात चालण्यावर सदर लिहायचा. फ्रीलान्सरला तेवढीच आशा!

दुसऱ्या की तिसऱ्या कुंपणापाशी काकू अचानक म्हणाल्या, नवऱ्याला जाऊन अकरा महिने झाले, आणि त्याचे कपडे त्यांनी अजून कपाटातून काढलेले नाहीत. त्यांनी हे सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही. मी पण नाही. दोघी पायाखाली बघत होतो, बघावंच लागत होतं. संध्याकाळी मैत्रिणीला हे सांगितलं तर ती उडालीच. चार वर्षं शेजारी राहून तिला ते माहीत नव्हतं.

तर चारठाणा. ग्रुप जमला तो गावातल्या त्या उंच नक्षीदार दगडी स्तंभापाशी. रिटायर्ड शिक्षक, ज्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणतात. मेडिकलवाले काका. एक आशाताई, स्पोर्ट शूजवर नऊवारी. पोलिस भरतीची तयारी करणारी दोन पोरं, जी टेकाड आमच्या आधी पळत चढून परत खाली येणार होती. आणि बापू, वय सत्तरच्या पुढे, हातात काठी. म्हणजे तोच आमचा लीडर.

‘‘ही अक्काची पोरगी,’’ मामाने ओळख करून दिली.

‘‘हाव की, वळखली. नाक बगा, त्येच हाय,’’ बापू म्हणाले. झाली मेंबरशिप.

स्तंभाला कुणी दीपमाळ म्हणतं, कुणी विजयस्तंभ, कुणी मानस्तंभ. सरांच्या मते हे भांडण असंच चालू राहावं, त्यामुळे निदान लोक वर मान करून बघतात तरी. गावात ३६० देवळं होती असं म्हणतात. आकडा सोडून द्या, पण इथे यादवकाळातलं इतकं काही उभं आणि पडलेलं आहे, की एखाद्या घराच्या पायरीकडे नीट पाहिलं तर तिच्यावर वेलबुट्टी निघते. गोकुळेश्वराची बारव आम्ही वरूनच पाहिली. खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या, कडेला देवकोष्ठं, तळाशी पाणी आणि त्यावर धुक्याचा पातळ थर. २०२१-२२ च्या सुमारास परभणी जिल्ह्यात बारवा उपसण्याची, साफ करण्याची मोठी मोहीम झाली, प्रशासन आणि गावकरी दोघांनी मिळून. त्यातूनच सेलू तालुक्यातल्या वालूरची गोल फिरत उतरणाऱ्या पायऱ्यांची बारव लोकांना नव्याने कळली. विकलोमध्ये ग्लेनडलॉक नावाच्या ठिकाणी जुन्या मठाचा तीसेक मीटर उंच गोल दगडी मनोरा आहे. तिथे पार्किंगला जागा मिळत नाही. इथे आम्ही आठ माणसं होतो आणि एक शेळी.

गाव संपलं, काळी रानं सुरू झाली. एका बाजूला कापूस, शेवटच्या वेचणीला आलेला. दुसरीकडे शेंगांनी वाकलेली तूर. हरभऱ्याच्या तुकड्यापाशी बापूंनी थांबून हाळी दिली, ‘‘चार शेंडे घेतो रं!’’ लांबून कुणीतरी हात हलवला. मग आम्ही शेंडे खुडले. आंबट, दवाने ओले, बोटांना खाज आणणारे. पुण्याच्या कोणत्याही सॅलडने तोंडात मारावी, नाही, मारून घ्यावी असे! पुढे बांधावरून एका मागे एक. कुंपण नाही, पायऱ्या नाहीत, पण कुणाच्या बांधावर पाय पडतोय हे सगळ्यांना पाठ. ‘‘इथून नको, तिकडून. त्यांचं नि यांचं बोलणं नाही,’’ असं आशाताई हळूच म्हणाल्या आणि आम्ही सगळे शहाण्यासारखे वळसा घालून गेलो.

मग काळी जमीन संपते आणि मुरूम लागतो. हे गायरान, म्हणजे गावाचं. तरवड, बोरी, पळस. पळस डिसेंबरात अगदी साधा दिसतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये या, मग बघा. रानडुकरांनी उकरलेले खड्डे दिसले की मेडिकलवाले काका मोजत. चढ फार नाही, पण मुरमावर साडेचार हजारांचे शूज जे काही सरकतात! बापू चपलेची बोटं आत रोवून, काठी न टेकता, गप्पा मारत वर. मी मात्र दर दहा पावलांनी ‘फोटो काढते हं’ म्हणत श्वास घेत होते. सगळ्यांत मागे मामा होता. मी थांबले की थांबायचा. बॅक-मार्कर हा शब्द त्याने आयुष्यात ऐकलेला नाही.

वर पोचलो तेव्हा सूर्य हातभर आला होता. पोरं जोर-बैठका काढून परत निघालीही होती. माथ्यावर काळा खडक, त्यात मधेच चमकणाऱ्या गारगोट्या. जिंतूरकडच्या टेकड्यांची रांग निळी दिसत होती. अजिंठ्याच्या डोंगराचं हे पूर्वेकडचं शेपूट. पलीकडे पूर्णा नदी, येलदरीचं धरण. सर म्हणाले, ‘‘वर्षातून एकदा आम्ही नेमगिरीला जातो.’’ जिंतूरजवळच्या त्या टेकडीवरच्या जैन गुंफा मी लहानपणी पाहिल्यात. दारं इतकी बुटकी, की वाकून, जवळपास रांगत आत जायचं, आणि आत मान वर केली की एवढ्या मोठ्या मूर्ती, की या दारातून त्या आल्या कशा, हा प्रश्न मी आजोबांना विचारला होता. ते म्हणाले होते, मूर्ती आधी, दार नंतर.

तुम्हाला जायचं असेल तर परभणी किंवा सेलू स्टेशनला उतरा. परभणीहून जिंतूरला एसटी मिळते, तिथून चारठाणा मंठ्याच्या रस्त्याला वीसेक किलोमीटर. पाणी बरोबर ठेवा, उन्हाळा टाळा, आणि हो, नेमगिरीला सोसेल तेवढं वाका!

बापूंनी काठी उचलून खाली दाखवलं. ‘‘ते चिंचेचं झाड दिसतंय? तिथून त्या पांढऱ्या पत्र्यापर्यंत. तुझ्या आज्याचं रान.’’

मी पहिल्यांदाच ते असं एकसंध पाहिलं. लहानपणी ते रान म्हणजे विहीर, झोपाळा आणि बैल. कागदावर ते एक गट नंबर आणि हेक्टर-आर. इथून ते एवढंसं, तळहाताएवढं, कडेला रस्ता टेकलेलं. रस्त्याकडेच्या त्याच पट्ट्याला भाव आलाय, एवढं मला पुण्यातच कळलं होतं. मी मामाकडे बघितलं नाही. सगळे एकदम भाकरी-ठेचा सोडायच्या कामाला लागले.

उतरताना मी आणि मामा मागे पडलो. उतरण वाईट, नजर पायांवरून हलवता येत नाही.

‘‘दोन एकर काढायलोय,’’ तो म्हणाला. ‘‘रस्त्याकडचं. बँकेचं हाय, पोराची फी हाय. अक्काला सांगायचं व्हतं. घरात जमना गेलं.’’

मी म्हटलं, ‘‘सही मागितलीस ते फोनवर सांगितलंस. कशासाठी ते नाही सांगितलंस.’’

‘‘लाज वाटती गं.’’

थोडा वेळ नुसता मुरमाचा आवाज. मग तो म्हणाला, ‘‘तिनं नाही केली सही तरी मी काही म्हणणार नाही. पण तिला म्हणावं, इचार तरी मला.’’

मी मान हलवली. ती त्याला दिसली की नाही कोण जाणे, तो पुढच्या दगडाकडे बघत होता.

नऊला घरी आलो. आई ओसरीवर लसूण सोलत बसली होती. मी फोन पुढे केला. तिने चष्मा शोधला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, अजून मोठा केला.

‘‘ही चिंच नाही,’’ ती म्हणाली. ‘‘आपली विहिरीच्या अंगाला होती. ही नंतरची आहे.’’ मग लसूण बाजूला ठेवून, ‘‘बाकी काय म्हणाला?’’

मी सगळं सांगितलं. मामी आत भांडी घासायची थांबली होती, हे आवाजावरून कळत होतं.

सोमवारी पहाटे जाग आली ती कुणीतरी माझी सॅक उचकल्यामुळे. आई. साडीवर माझं जॅकेट, पायात दोन-दोन मोजे आणि त्यावर माझे ट्रेकिंग शूज. दारात मामा बॅटरी घेऊन उभा होता.

‘‘अगं, आज तालुक्याला जायचंय ना?’’

‘‘अकराचं काम आहे. तोवर येऊ की,’’ आई म्हणाली आणि पायरी उतरली. ‘‘चल रे, आधी विहिरीकडनं जाऊ.’’

माझ्या वाट्याला मामाची जुनी रबरी चप्पल आली. दोघं पुढे, मी मागे.