अँटवर्पमधील दोन निवांत दिवस

घाटकोपर-बोरिवलीच्या हिरे व्यापारी घरांत अँटवर्प हे नाव पॅरिसहून अधिक वेळा उच्चारले जाते. पण शहर म्हणून नव्हे, खरेदीचे ठिकाण म्हणून. होवेनिअर्सस्ट्राट या गल्लीत सौदा उरकावा आणि शुक्रवारी विमान गाठावे, हा रिवाज. शनिवारी ज्यू व्यापाऱ्यांच्या साबाथमुळे हिरेबाजार शांत होतो. मग थांबून करायचे काय? खरे तर तेव्हाच थांबावे, आणि जमल्यास घरच्यांनाही सोबत न्यावे.

बाजारालगतचे रेल्वे स्थानक १९०५ साली पूर्ण झाले. वर्षानुवर्षे त्याच्या भव्य घुमटाखालून जाणारा व्यापारी मान वर करून पाहतोच असे नाही. तेथून शेल्ड नदीपर्यंत पायी जावे. नदीखालून पलीकडे नेणारा ५७२ मीटरचा पादचारी बोगदा १९३३ सालचा. त्यात उतरण्यास आजही जुने लाकडी सरकते जिने आहेत. मुलांना त्यांचेच अप्रूप अधिक वाटेल. जवळच प्लांटिन-मोरेटस संग्रहालय आहे. जगातील सर्वांत जुनी अशी दोन छपाईयंत्रे तेथे जतन केली आहेत. पिढीजात पेढी म्हणजे काय, हे व्यापारी घराला तेथे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

रविवारची सकाळ विलराइक उपनगरातील संगमरवरी जैन मंदिरासाठी राखावी.

चौविहार पाळणाऱ्यांनी मात्र महिना पाहून तिकीट काढावे. जूनमध्ये तेथे सूर्यास्त रात्री दहाच्या सुमारास होतो, डिसेंबरमध्ये दुपारी साडेचारच्या सुमारास. वॉफलमध्ये बहुधा अंडे असते, विचारूनच घ्यावे.