खाटेजवळची नोंदवही (भाग ६) : विंचू नेमका कशाने उतरला?

गेल्या आठवड्यात आपण १८४७ सालच्या व्हिएन्नात होतो. एकाच इस्पितळात बाळंतिणींचे दोन वॉर्ड होते. एकात मरणं जास्त, दुसऱ्यात कमी. त्या फरकाचा माग काढत तिथला डॉक्टर सेमेलवाइस हात धुण्यापर्यंत कसा पोहोचला, ते आपण पाहिलं. ते वाचून कुणाला वाटेल की असलं संशोधन राजधानीच्या शहरात, मोठ्या इस्पितळातच व्हायचं. म्हणून आज आपल्या घराजवळ, रायगड जिल्ह्यातल्या महाड तालुक्यात जाऊ. इथल्या संशोधनाला लागलं काय, तर मनगटावरचं घड्याळ, बी.पी.चं यंत्र, कोरा केसपेपर आणि रात्रभर खाटेजवळून न हलणारा डॉक्टर.

कोकणात विंचू नवा नाही. जांभ्या दगडाच्या गडग्यात, पेंढ्याच्या उडवीत, सरपणाच्या ढिगात, कौलांच्या फटीत तो दिवसभर दडून असतो आणि अंधार पडला की बाहेर येतो. मोठी काळी इंगळी दिसली की माणसं दचकतात, पण तिचा दंश सहसा जिवावर बेतत नाही. घात करतो तो आकाराने लहान, बारीक नांग्यांचा तांबडा विंचू. ओळखायची साधी खूण अशी, की ज्याच्या नांग्या जाड त्याची भिस्त नांग्यांवर, आणि ज्याच्या नांग्या बारीक पण शेपूट जाड, त्याची भिस्त विषावर.

विंचू चावला की तो ‘चढतो’ आणि मग तो ‘उतरवावा’ लागतो, असं आपली भाषाच सांगते. तो उतरवणारा माणूस गावोगाव असे. तो मंत्र म्हणे, पाला चोळे, अंगारा लावे आणि बहुतेक वेळा विंचू उतरेही. ही गोष्ट मी टिंगलीसाठी सांगत नाही. आजच्या भागाचा सगळा गाभा तिच्यातच आहे. विंचू चावलेल्या पुष्कळ माणसांना असह्य कळा येतात, पण त्या पलीकडे काही होत नाही. विष थोडंच गेलेलं असतं आणि दिवसभरात कळा आपसूक ओसरतात. अशा माणसाला मंत्र घाला, इंजेक्शन द्या किंवा नुसतं पाणी पाजा, तो बराच होणार. श्रेय मात्र त्या वेळी जो जवळ असेल त्याला मिळणार. तेव्हा प्रश्न असा पडतो, की रुग्ण आपल्या औषधाने बरा झाला की आपण नुसते जवळ होतो, हे डॉक्टरला कसं कळावं?

१९७६ साली हिंमतराव बावस्कर नावाचे एक तरुण डॉक्टर महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. ते जालना जिल्ह्यातल्या देहेड गावच्या शेतकरी कुटुंबातले. एम.बी.बी.एस. त्यांनी नागपूरला केलं होतं. बिरवाडीत त्यांच्यापुढे विंचूदंशाचे असे रुग्ण येऊ लागले, की ज्यांचं पाठ्यपुस्तकात धड वर्णन नव्हतं. संध्याकाळी चालत आलेलं मूल पहाटे श्वास कोंडून जायचं.

अशी एक रात्र डोळ्यांपुढे आणा. हा कुणा एका रुग्णाचा वृत्तांत नाही. त्या काळच्या अनेक रात्रींचं मिळून हे एक चित्र आहे. सात-आठ वर्षांच्या पोराला बाप खांद्यावर घालून आणतो. पोर फारसं रडत नाही. वाटेत दोनदा उलटी झालेली असते. सदरा घामाने इतका भिजलेला, की पिळला तर पाणी निघावं, आणि तरी हाताचे तळवे बर्फासारखे गार. तोंडातून लाळ गळते. पहिल्या तासाभरात नाडी मंद लागते, मग ती धावू लागते. बी.पी. आधी वर जातं. काही तासांनी खोकला सुरू होतो, छातीत बुडबुड्यांसारखा आवाज येतो आणि तोंडाशी गुलाबी फेस दिसतो. फुप्फुसांत पाणी भरलेलं असतं.

शेजारच्या खाटेवर दुसरा एक गडी असतो. तोही विंचू चावून आलेला. तो कळांनी अक्षरशः लोळतोय, साऱ्या वॉर्डाला जागं ठेवतोय. नवख्या डॉक्टरचं लक्ष साहजिकच त्याच्याकडे जाणार. पण त्याचे हातपाय गरम आहेत, अंग कोरडं आहे. तो सकाळी घरी जाईल. धोका आहे तो गप्प पडलेल्या, घामाघूम, गार पडलेल्या पोराला.

हा फरक आज दोन ओळींत सांगता येतो. पण तो कळायला रुग्णामागून रुग्णांची नोंद लागली. दंश किती वाजता झाला, उलटी केव्हा झाली, घाम केव्हा फुटला, हातपाय किती वेळ गार राहिले, बी.पी. दर थोड्या वेळाने किती भरलं, पुरुषांत लिंगाला आपोआप आलेली ताठरता होती का, हे सगळं तपासून लिहून ठेवावं लागलं. या लक्षणांच्या जुळणीतून हृदयावरचं संकट आधीच ओळखता येतं, हे बावस्करांनी १९८२ साली ‘द लॅन्सेट’ या लंडनच्या नियतकालिकात मांडलं. उलटी, घाम, ताठरता आणि गार हातपाय दिसले, की फुप्फुसात पाणी भरायची वाट न बघता सावध व्हायचं.

एकनाथांनी काम-क्रोधाला विंचू म्हणून जे भारूड रचलं, त्यातही विंचू चावल्यावर अंगाला घाम आल्याचा उल्लेख आहे. म्हणजे घाम सगळ्यांना ठाऊक होता, भारूड ऐकणाऱ्यालाही आणि विंचू उतरवणाऱ्यालाही. त्या घामाशेजारी घड्याळाचे काटे मात्र कुणी मांडले नव्हते.

मला स्वतःच्या इंटर्नशिपची आठवण येते. एका ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला विंचूदंशाचा रुग्ण आला, की आम्ही केसपेपरवर ‘विंचूदंश’ एवढा एकच शब्द लिहायचो आणि त्याखाली इंजेक्शनचं नाव. हातपाय गार होते की गरम, हे मी कधी लिहिलं नाही, कारण कधी हात लावून बघितलंच नव्हतं. अशा शंभर केसपेपरांची चळत रचली तरी त्यातून काही शिकता येणार नाही. माझ्या त्या कागदांनी पुढच्या एकाही रुग्णाला मदत केली नाही, याची खंत मला आजही आहे.

आता विषाकडे वळू. आपल्या मज्जातंतूंवर सोडियमला आत सोडणारी सूक्ष्म दारं असतात. निरोप गेला की दार उघडतं आणि लगेच मिटतं. तांबड्या विंचवाचं विष ही दारं मिटू देत नाही. मज्जातंतू सारखे निरोप पाठवत राहतात आणि शरीरात ॲड्रेनॅलीन, नॉरॲड्रेनॅलीन यांचा लोंढा सुटतो. एरवी वाघ समोर आल्यावर क्षणभर जे व्हावं, ते इथे तासन् तास चालू राहतं. रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय गार पडतात आणि बी.पी. चढतं. आवळलेल्या नळ्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं आणि मागे तुंबलेलं पाणी फुप्फुसांत उतरतं.

हे उमगलं, की आधीचे काही उपाय का अंगाशी येत ते समजतं. नाडी मंद दिसली म्हणून ॲट्रोपिन द्यावं, तर आधीच धावू पाहणारं हृदय आणखी उधळतं. रुग्ण शॉकमध्ये आहे असं समजून सलाईनच्या बाटल्या चढवाव्यात, तर फुप्फुसांत पाण्याची भर पडते. हे देणाऱ्यांच्या मनात कळकळच होती. पण शरीरात काय चाललंय ते नीट दिसत नसेल, तर कळकळही वाट चुकते.

रक्तवाहिन्या आवळल्या असतील तर त्या सैल करायला हव्यात, हे ओघानेच आलं. एम.डी. करून बावस्कर पुन्हा याच भागात आले होते. फुप्फुसांत पाणी भरलेल्या रुग्णांना त्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड द्यायला सुरुवात केली. हे औषध शिरेतून थेंबाथेंबाने द्यायचं, बाटलीला उजेड लागू द्यायचा नाही आणि सारखं बी.पी. मोजत राहायचं. हाताशी अतिदक्षता विभाग नसताना हे करणं म्हणजे डॉक्टरने रात्रभर स्टुलावर बसून राहणं. जीव वाचत, पण हा उपाय प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात नेता येण्याजोगा नव्हता.

मग आली प्राझोसिनची गोळी. हे औषध मुळात रक्तदाबाचं. नॉरॲड्रेनॅलीन रक्तवाहिनीच्या ज्या ‘अल्फा’ ग्राहकांवर बसून ती आवळतं, तीच जागा प्राझोसिन अडवून धरतं. दुसऱ्या शब्दांत, विष ज्या वाटेने घात करतं ती वाटच ते बंद करतं. गोळी स्वस्त, तोंडाने घ्यायची, आणि हातपाय ऊबदार होईपर्यंत दर तीन तासांनी पुन्हा द्यायची. १९८६ साली बावस्करांचा हा अनुभवही ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचं नाव पुढे त्यांच्या कितीतरी शोधनिबंधांवर सहलेखिका म्हणून आहे.

गोळी साधी असली तरी तिची एक बाजू जपावी लागते. प्राझोसिनच्या पहिल्या मात्रेनंतर माणूस एकदम उभा राहिला तर बी.पी. घसरून भोवळ येते. मोठ्यांना झोपून राहा असं सांगता येतं, लहान मुलांचं काय? आपल्याकडे पोर किरकिरलं की आई त्याला उचलून खांद्यावर घेते. म्हणून या उपचारात आईला मुद्दाम सांगावं लागतं, ‘बाय, आता उचलू नको त्याला. निजवूनच ठेव. अंगावर पाजायचं तर कुशीवर निजून पाज.’ औषधाचा गुण येणं-न येणं अशा एका वाक्यावरही अवलंबून असतं, आणि ते वाक्य खाटेजवळ उभ्या असलेल्या माणसालाच सुचतं.

प्राझोसिनच्या आधी गंभीर विंचूदंशात शंभरातले पंचवीस-तीस रुग्ण दगावत. हे प्रमाण नंतर एका टक्क्याच्या आसपास आल्याचं बावस्करांनी नोंदवलं आहे.

पण आपण वर विचारलेला प्रश्न अजून सुटलेला नाही. या वर्षांत रस्ते झाले, गाड्या आल्या, रुग्ण लवकर पोहोचू लागले. मग वाचवलं कुणी, गोळीने की एस.टी.ने? ‘आधी असं होतं, नंतर असं झालं’ ही तुलना आशा दाखवते, शंका मात्र पुरती मिटवत नाही. इतके मृत्यू कमी झाल्यावर तर गोळी न देता काय होतं ते बघू, असंही म्हणता येत नाही. तो प्रयोग नसता, अपराध ठरला असता.

ही अडचण पुन्हा समोर आली ती विंचूविषाची प्रतिलस मिळू लागल्यावर. ही लस थेट विषालाच निकामी करते. मग प्रश्न असा, की गोळीच्या जोडीला लस दिली तर फायदा होतो का? बावस्कर दांपत्याने महाडमध्येच गंभीर लक्षणांच्या ७० रुग्णांवर चाचणी केली. कुणाला काय मिळणार हे डॉक्टरच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठी टाकल्यासारखं नशिबावर सोडलं. ३५ जणांना प्राझोसिन आणि लस, उरलेल्या ३५ जणांना नुसतं प्राझोसिन. म्हणजे जीव वाचवणारी गोळी कुणालाच नाकारली नाही. दहा तासांत पूर्ण सावरले ते पहिल्या गटात ३२ जण, दुसऱ्या गटात ८. बरं व्हायला लागलेला वेळ पहिल्या गटात सरासरी ८ तास, दुसऱ्यात १७.७ तास. २०११ साली हा निबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला.

या चाचणीच्या मर्यादाही समजून घेऊ. एकच केंद्र, रुग्ण सत्तर, आणि कुणाला लस दिली हे डॉक्टरला दिसत होतं, त्यामुळे मोजमापात नकळत आवड-निवड शिरायची शक्यता राहते. म्हणून असा प्रश्न दुसऱ्यांनीही तपासायचा असतो. चिपळूणजवळच्या डेरवणमधल्या डॉक्टरांनीही लस आणि प्राझोसिन यांची तुलना करून लसीच्या बाजूचे निष्कर्ष मांडले. एकाने म्हणायचं आणि दुसऱ्याने पडताळायचं, विज्ञान असंच पुढे सरकतं.

विंचू उतरवणारा आणि डॉक्टर यांच्यातला फरक पांढऱ्या कोटात नाही आणि पदवीतही नाही. केसपेपरवर एक शब्द लिहिणारा मीही पदवीधरच होतो. उतरवणारा बरे झालेले लक्षात ठेवतो. संशोधक गेलेल्यांचीही नोंद ठेवतो, बरे झालेल्यांतून आपोआप बरे होणारे वेगळे काढतो आणि मग विचारतो, यात माझ्या हातून काय झालं? हा प्रश्न विचारायला मोठं इस्पितळ लागत नाही, पण आपलं उत्तर चुकू शकतं हे मान्य करायची तयारी लागते. २०२२ साली बावस्करांना पद्मश्री मिळाली. त्या सन्मानात बिरवाडीच्या त्या पहिल्या नोंदींचा वाटा मोठा आहे, असं मी मानतो.

वाचकांसाठी आज एवढंच. विंचू चावला तर कापू नका, चोळू नका, आवळून बांधू नका, मनाने कसलीही गोळी देऊ नका. हातपाय गार, अंगाला घाम, उलटी यातलं काहीही दिसलं तर कळा नसल्या तरी थेट दवाखाना गाठा. जाताना दंश किती वाजता झाला ते चिठ्ठीवर लिहून घ्या. नोंदवहीची पहिली ओळ तुमच्याच हातची असेल.

(पुढच्या आठवड्यात : पोटातल्या व्रणाचं कारण काळजी आणि तिखट नसून एक जिवाणू आहे, हे पटवण्यासाठी १९८४ साली तो जिवाणू स्वतःच पिऊन टाकणारे पर्थचे डॉक्टर बॅरी मार्शल.)