लोहगाव: विमानतळ नव्हे, एक आखीव गाव

नागभीडच्या आकाशातून जाणारे विमान क्षणात दिसेनासे होते. ते उडवण्यामागे मात्र एका अख्ख्या गावाचे कष्ट असतात. हवाई तळ म्हणजे असेच गाव. पुण्याजवळचा लोहगावचा तळ ब्रिटिशांनी 1939 मध्ये मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी उभारला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे स्पिटफायर आणि मॉस्किटो विमाने होती. 2002 मध्ये सुखोई-30 एमकेआय विमाने हवाई दलात प्रथम दाखल झाली, ती इथेच. आज त्याच धावपट्टीवरून प्रवासी विमानेही ये-जा करतात.

तळाचा दिवस हवामानाच्या माहितीने आणि धावपट्टीच्या तपासणीने सुरू होतो. एखादा खडा किंवा सुटलेला स्क्रू इंजिनात ओढला गेला, तर इंजिन निकामी होऊ शकते. पक्ष्यांचा धोकाही तेवढाच. म्हणून तळाभोवती कचरा टाकू नये, ही विनंती शेजारच्या वस्त्यांनी मनावर घ्यायला हवी. वैमानिक एक-दोन; पण इंधन भरणारे, शस्त्रे बसवणारे, रडारवर नजर ठेवणारे आणि अग्निशमन दलाचे हात अनेक.

सुखोई विमानांच्या मोठ्या दुरुस्त्या नाशिकजवळ ओझरला होतात. अशा देखभालीची सूत्रे आपल्या शेजारच्या नागपुरातून, हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडमधून हलतात. कौतुक वैमानिकाचे जरूर करावे. जमिनीवरच्या या हातांचेही तितकेच करावे.