अक्रोतिरीचा धडा

पांढुर्ण्याच्या जाम नदीकाठचा काळा पाषाण आपल्या नित्य परिचयाचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा तो थिजलेला अवशेष. ग्रीसमधील सान्तोरिनी बेटावर उतरलो तेव्हा त्याच कुळातील काळे खडक दिसले. फरक एवढाच, की आपल्याकडील अग्नी कायमचा विझला. तेथील केवळ निद्रिस्त आहे.

इ.स.पू. १६०० च्या सुमारास झालेल्या महास्फोटात या बेटाचा मोठा भाग खचून समुद्रात गेला. उरलेल्या उत्तुंग कड्यांवर आज शुभ्र घरे दिमाखाने उभी आहेत. परंतु वैद्यकीय व्यावसायिकाला अंतर्मुख करते ते अक्रोतिरी. १९६७ मध्ये स्पिरिदॉन मारिनातोस यांनी उत्खनन आरंभिलेल्या या नगरात बहुमजली घरे, भित्तिचित्रे, रांजण सापडले. उद्रेकात दगावलेल्यांचे सांगाडे मात्र मिळालेले नाहीत. आधीच्या भूकंपांचा इशारा ओळखून रहिवासी वेळीच निघून गेले असावेत, असे संशोधक मानतात.

२०२५ च्या फेब्रुवारीतही भूकंपांची मालिका सुरू होताच हजारो लोकांनी बेट सोडले. उद्रेक झाला नाही. मग त्यांचे जाणे व्यर्थ ठरले काय?

छातीतील कळ ‘गॅसची’ समजून रात्रभर घरी थांबलेला रुग्ण आपण सर्वांनीच पाहिला आहे. तसेच, ‘कार्डिओग्राम चांगला आला, पैसे वाया गेले’ म्हणणारे नातेवाईकही. अशांना अक्रोतिरीची हकिकत अवश्य सांगावी. पूर्वलक्षण ओळखून वेळीच उठणे, हाच तेथील माणसांचा खरा उपचार होता.