हवेलाही काटा लागतो

फडात उभे राहून उसाचा अंदाज कितीही बांधा. खरे वजन कसबा बावड्याच्या राजाराम कारखान्यात, काट्यावरच कळते. हवेतील धुराचेही तसेच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत संगणक प्रदूषणाचा अंदाज गणिताने मांडतो. तो दोन मापांवर पडताळावा लागतो. जमिनीवरचे यंत्र आपण श्वासात घेतो तीच हवा मोजते, पण एकाच जागेची. उपग्रह सारा मुलूख पाहतो, पण खालची-वरची हवा एकत्रच. शिवाय आग टिपणारे काही उपग्रह दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास येतात. सायंकाळी पेटवलेले पाचट त्यांच्या नजरेतून निसटू शकते. घरातल्या म्हाताऱ्या-पोरांच्या छातीतून मात्र नाही. म्हणून पाचट जाळू नका, सरीतच कुजवा.